स्वल्पविराम नव्हता म्हणून कापली गेलेली केळी

ग्रुपवर पडलेला मेसेज जसाच्या तसा असा होता:

"उद्या गाडी येणार नाही आली तर सकाळी फोन करतो मुकादमला सागा आणी मजूर बघून ठेवा"

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, मे महिना, रात्रीचे साडेनऊ-दहा, केळीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मेसेज टाकणारा व्यापाऱ्याचा माणूस, म्हणजे जो गावोगाव बागा बघत फिरतो, भाव ठरवतो, गाडी लावतो तो. नावं कोणाचीच देत नाही कारण ही सगळी मंडळी अजून रोज एकमेकांना भेटतात, त्यामुळे एका शेतकऱ्याला आबा म्हणू, दुसऱ्याला बापू आणि व्यापाऱ्याच्या माणसाला भाऊ. माझा संबंध एवढाच की तालुक्याच्या गावी माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, अर्ज, लग्नपत्रिका, बॅनरचा मजकूर असलं सगळं माझ्याकडे येतं, आणि भांडण मिटवायला बसलेल्या लोकांनी माझ्यापुढे फोन धरून विचारलं की तूच सांग भो, ह्याचा अर्थ काय होतो.

अर्थ दोन होतात. आबांनी वाचलं की उद्या गाडी येणार, नाही आली तर फोन करतो. बापूंनी वाचलं की उद्या गाडी येणार नाही, आली तर फोन करतो. भाऊंच्या मनात बापूंनी वाचलं तेच होतं, गाडी दुसऱ्या गावाला अडकलेली होती आणि रिकामी झालीच तर ते कळवणार होते. मेसेजची शेपटी, मुकादमाला सांगा आणि मजूर बघून ठेवा, ही दोन्ही अर्थांना सारखीच बसते, त्यामुळे तिचीही काही मदत नाही.

आता खरी गंमत सकाळी झाली. सकाळी फोन आलाच नाही. बापू म्हणाले फोन नाही म्हणजे गाडी नाही, ते ठिबकची नळी बघायला निघून गेले. आबा म्हणाले फोन नाही म्हणजे गाडी येऊ राह्यली, आणि मजुरांची टोळी बागेत घातली. म्हणजे फोन न येणं हाच दोघांनाही पुरावा वाटला आणि दोघांचा पुरावा आपापल्या जागी बरोबर होता. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे मजकूर टाईप करतोय पण असा घोळ पाहिला नव्हता, साधारणपणे चुकीचा अर्थ काढला तरी थोड्या वेळात काहीतरी खटकतं आणि माणूस विचारतो, इथे खटकायला काही जागाच राहिली नव्हती.

टोळीच्या मुकादमाचं वेगळंच. त्याला वाचता येत नाही, ग्रुपवरचं पोरगं वाचून दाखवतं. पोराने "उद्या गाडी येणार" म्हणून दम घेतला आणि पुढे "नाही आली तर" असं वाचलं. झालं, तो दम हाच स्वल्पविराम. पोराने एक शब्द पुढे जाऊन दम घेतला असता तर मुकादमानेच आबांना थांबवलं असतं. लिहिणाऱ्याने ठेवला नाही तो विराम वाचणाऱ्याला स्वतःहून कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि तो कुठे ठेवायचा हे मजकूर सांगत नसेल तर ज्याला जे हवं असतं तिथे तो पडतो. आबांचा माल तयार होता, उन्हाने घड करपायला लागले होते, त्यांना गाडी हवीच होती. बापूंचे घड अजून आठ दिवस थांबू शकत होते.

नुकसान काय झालं ते थोडक्यात सांगतो. केळी लांबच्या बाजारासाठी हिरवीच कापतात, पूर्ण भरायच्या थोडी आधी, म्हणजे दिल्लीकडे पोहोचेपर्यंत टिकते. पण कापल्यावर घड गाडीत चढायला पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात कापलेले घड केळीच्या पानांवर मांडून, वरून पानं टाकून, झाडाखाली कितीही जपले तरी चीक वाळून डाग पडतात आणि उष्णतेने माल आतून पिकायला लागतो. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. भाऊंनी माल बघितला आणि क्विंटलमागे भाव पाडला, हा माल वाटेतच पिकेल म्हणाले, आणि मालाच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं. आबा म्हणाले तुमच्या मेसेजने कापला, पाडलेला भाव तुम्ही सोसा. भाऊ म्हणाले मी नाही म्हणून लिहिलेलं आहे, वाचा. आणि दोघंही तोच मेसेज एकमेकांच्या तोंडासमोर धरत होते.

मग ग्रुपवर आमचे एक रिटायर गुरुजी उतरले. माणूस चांगला, अक्षर मोत्यासारखं, पण ग्रुपवर कोणीही काही लिहिलं की खाली दुरुस्ती टाकायची सवय. त्यांनी लिहिलं की "सागा" नाही "सांगा", "आणी" नाही "आणि", "मुकादमला" नाही "मुकादमाला", आधी शुद्धलेखन शिका मग धंदा करा. तिन्ही दुरुस्त्या शंभर टक्के बरोबर. आणि तिन्हींपैकी एकीनेही आबांची एक फणी वाचली नसती, कारण तिन्ही शब्द सगळ्यांना पहिल्या झटक्यात कळले होते, मुकादमाच्या पोरालासुद्धा. ज्या एका जागेने माल गेला तिच्याबद्दल गुरुजींनी चकार शब्द काढला नाही. मी नंतर त्यांना सहज विचारलं की तुम्ही हा मेसेज कसा वाचला, तर म्हणाले उद्या गाडी येणार, नाही आली तर फोन. म्हणजे त्यांना दुसरा अर्थ दिसलाच नव्हता.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते ह्याच्यासाठी. आपण ज्या चुकांना हसतो त्या बहुतेक निरुपद्रवी असतात आणि ज्या चुकांनी घोळ होतो त्यांना कोणी चूक म्हणतच नाही.

भाऊंनी आधी बचाव केला की मी गाडीवर होतो, बोलून टाईप केलं, फोननेच तसं लिहिलं. हा बचाव टिकत नाही आणि तो गुरुजींनी धरलेल्या चुकांनीच पडतो. बोलून टाईप केलं तर फोन आपल्या शब्दकोशातला शब्द टाकतो, चुकला तर भलताच शब्द टाकेल पण "सागा" असला नसलेला शब्द सहसा टाकणार नाही. "सागा" होतो तो रोमन अक्षरं दाबून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर, घाईत एन दाबायचा राहून जातो आणि अनुस्वार उडतो. आणि "आणी" कदाचित कधीतरी एकदा तसं लिहिलं गेलं आणि फोनने ते पाठ करून ठेवलं, नंतर तेच पुढे करत राहिला. भाऊंना हे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले बरं, हातानेच लिहिलं होतं.

मग मी ग्रुपवरचे मागचे मेसेज वर सरकवत वाचत बसलो, कारण एकदा बघितल्यावर सोडवत नाही. ह्रस्व-दीर्घाच्या चुका तर पावलोपावली. नाहि, मि, पाणि, मिटींग, हार्दीक, आणि वाढदिवसाच्या बॅनरवरचा आपला लाडका "आर्शिवाद", ज्यात रफार एक अक्षर आधीच चढून बसतो. एकाही ठिकाणी कोणाला अर्थ विचारावा लागलेला नाही. कारण आपण बोलताना मराठीत इ आणि ई मध्ये कानाला फार फरक करत नाही, तो फरक लिहिताना नियमाने ठेवायचा असतो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यात चार वाढले, त्यात सांगितलंय की शब्दाच्या शेवटचा इकार उकार दीर्घ लिहायचा, अपवाद "आणि" अन् "नि". म्हणजे बघा, जो माणूस "आणी" लिहितो तो खरंतर नियम पाळून चुकतो, नाही, पाणी, गाडी, केळी सगळं दीर्घ आणि हे एकच ह्रस्व, त्याला कोणी अपवाद सांगितलेला नाही एवढंच. मधल्या अक्षराचंही तसंच, मूल पण मुलाला, फूल पण फुलाचा, मीठ पण मिठाचा, प्रत्यय लागला की दीर्घाचा ह्रस्व होतो, हे एकदा लक्षात आलं की अर्ध्या चुका जातात, पण न गेल्या तरी केळीची गाडी अडत नाही. लग्नपत्रिकेत आणि अर्जात मात्र मी हे सगळं नीट करून देतो, तिथे लोक त्यासाठीच पैसे मोजतात.

"मुकादमला" ची गोष्ट जरा वेगळी आहे. आबांना विचाराल तर ते बोलताना मुकादमाला असंच म्हणतात, भाऊपण. पण फोन आधी अख्खा शब्द सुचवतो, मुकादम, त्यावर बोट ठेवलं की पुढे आपोआप एक मोकळी जागा पडते, मग ला लिहायचा. त्यामुळे शेतामध्ये चं "शेत मध्ये" होतं, गाडीला चं "गाडी ला", आणि कोणी जागा पुसून जोडलं तर "मुकादमला". सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना मुकादमचं मुकादमा होणं, लोक विसरलेले नाहीत, बोटांना ते मिळत नाही.

आता ज्या चुकांनी खरंच घोळ झालेला दिसला त्या ऐका, त्या वेगळ्याच आहेत. एक, अनुस्वार, पण सगळे नाहीत. आबा जुन्या वळणाचे, ते अजून नांव, पांच, कांही लिहितात, उच्चारात नसलेले ते अनुस्वार नियमाने कधीचेच काढून टाकले, त्यांनी दिले काय न दिले काय. "सांगितल", "केल" असं अनुस्वार खाऊन लिहिलं तरी कळतं. पण सर्वनामावरचा अनुस्वार गेला की माणसं बदलतात. एकाने विचारलेलं होतं टोळीच्या मजुरीचं काय, खाली उत्तर "त्याचे दिले". त्याचे म्हणजे मुकादमाचे एकट्याचे की त्यांचे म्हणजे सगळ्या टोळीचे? दोन दिवस ह्यावर मेसेजबाजी चाललेली दिसते. अनेकवचनाला, आणि आदराने एकाला बोलतानाही, त्या एका टिंबावर सगळं उभं असतं.

दोन, "परवा". मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत पण परवा मागचाही आणि पुढचाही, क्रियापद सांगतं कोणता. बोलताना आपण क्रियापद खात नाही, मेसेजमध्ये पहिलं तेच खातो. "पैसे परवा" असा मेसेज आहे एक. दिले की देणार? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा मेसेज, घरात माहेरवाशिणी आलेल्या, खर्च सुरू, आणि शेतकरी बिचारा बँकेत जाऊन पासबुक भरून आला.

तीन, प्रश्नचिन्ह. "गाडी आली" ही खबर आहे का चौकशी आहे. बोलताना आवाज वर जातो किंवा आपण "का" लावतो, लिहिताना दोन्ही राहून जातं. एकाने "गाडी आली" असं विचारलं आणि खालच्या चौघांनी लगेच ट्रॅक्टर काढले.

ल-ळ आणि न-ण ची गोष्ट निरुपद्रवी आणि घोळ करणाऱ्या चुकांच्या मध्येच आहे. "उद्या केली कापायची" वाचून कोणाला अडत नाही. रोमनमध्ये दाबायला एल एकच, त्यामुळे केली आणि केळी दोघींना फोन एकाच दारातून आणतो आणि बहुतेक वेळा केली पुढे करतो. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्टने, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्डने टाईप करणाऱ्यालाही ण आणि ळ दोन्हीला शिफ्ट दाबावं लागतं, न आणि ल विनाशिफ्ट येतात, माझ्या दुकानात नवीन बसलेली पोरं पहिले काही दिवस पानी आणि केली च लिहितात. फक्त "केली का" असा नुसता दोन शब्दांचा मेसेज असला की केळी का की कामाची चौकशी हे वरचे चार मेसेज वाचूनच कळतं.

पण ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती गुरुजींच्या दुरुस्त्यांशी जोडलेली आहे. आमच्याकडे ळ तोंडात येतच नाही कित्येकांच्या. केळीला केयी, जळगावला जयगाव, धुळ्याला धुये. चोपड्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, मध्ये तावडी, सगळीकडे हा य आहे. ग्रुपवर एक पोरगा सुरुवातीला मोकळेपणाने लिहायचा, "गाडी वनी का", "माले फोन करजो". गुरुजींनी खाली लिहिलं "आली का", "मला फोन करा". दोन-तीनदा झालं आणि पोरगा गप्प झाला, आता नुसता अंगठा टाकतो. अहिराणी म्हणजे मराठीतली स्पेलिंग मिस्टेक नाही हो, २०११ च्या जनगणनेत खानदेशी, जिच्यात अहिराणी येते, वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि अठरा लाखांच्या वर लोकांनी ती आपली म्हणून सांगितली आहे. आणि मजा अशी की त्याच्या मेसेजमध्ये मला एकही दुअर्थी वाक्य सापडलं नाही, तो बोलतो तसं तुकड्या-तुकड्याने लिहायचा, एक मेसेज एक गोष्ट.

भांडणाचं काय झालं विचाराल तर बसलेल्या लोकांनी पाडलेल्या भावातला फरक अर्धा-अर्धा केला. मला विचारलं तर मी म्हटलं दोष लिहिणाऱ्याचा जास्त, कारण वाचणाऱ्याला दुसरा अर्थ शोधायचं काही कारण नसतं. शिवाय भाऊंना संधी होती. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं सुधारता येतो, आणि मेसेज पडल्यावर लगेच एकाने खाली "ओके भाऊ मजूर सांगतो" असं लिहिलेलं होतं, त्यावरून निदान शंका यायला पाहिजे होती की समोरचा गाडी येणार समजून तर बसला नाही ना. पण आबांनाही बोलता आलं असतं, एक फोन, दोन रुपयाचं काम नाही. ते म्हणतात फोन कशाला करू, लिहिलेलं होतं ना. हे मात्र मला पटतं.

स्वल्पविराम टाका असं सांगून काही होणार नाही हे मला दुकानाच्या अनुभवावरून माहीत होतं. बऱ्याच कीबोर्डवर तो स्पेसच्या शेजारीच असतो, तरी लोक त्याला हात लावत नाहीत, मेसेजमध्ये लोकांचा पूर्णविराम म्हणजे सेंडचं बटण. म्हणून मी म्हटलं त्याचाच उपयोग करा. "नाही" असलेली गोष्ट एकटी पाठवायची. "उद्या गाडी नाही." सेंड. "आली तर सकाळी सहाच्या आत फोन करतो." सेंड. "फोन आल्याशिवाय कापू नका." सेंड. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण शेतकऱ्याला गाडीचं काय झालं ह्याच्याशी घेणं नाही, त्याला कापू की नको एवढंच हवं असतं, आणि भाऊंच्या मूळ मेसेजमध्ये नेमकं तेच नव्हतं. मुकादमाचं पोरगंही आता कुठेही दम घेवो, ओळ तिथेच संपते.

भाऊ हे पाळतात. गुरुजींना मी विनंती केली की दुरुस्ती करायचीच तर ज्याचे दोन अर्थ होतील तेवढ्याच ठिकाणी करा आणि प्रश्न विचारून करा, "म्हणजे गाडी येणार की नाही येणार?" असं. त्यांना हे काम आवडलेलं दिसतंय, आता ते रोज काही ना काही शोधून काढतात, कधी कधी नसलेलाही दुसरा अर्थ काढतात, पण ते परवडतं. "आणी" बघून त्यांचा हात शिवशिवतो हे मला माहीत आहे.

परवा वर मात्र अजून इलाज नाही. वार लिहायचा असं ठरलं तर सोमवारी कोणीतरी "पुढच्या गुरुवारी" लिहिलं आणि पुन्हा दोन गट पडले, ह्याच आठवड्यातला की त्याच्या पुढचा. आता तारीख लिहायची ठरलंय. बापू तारीख लिहितात, आबा अमावस्येच्या आधी-नंतर असं लिहितात, आणि भाऊ दोन्ही ग्रुपवर वाचून शेवटी फोनच लावतात.